अंगणातला मानाचा पाय

"माणसाला दोन पाय, जनावराला चार, पाखराला पुन्हा दोन. देवानं पायांचा विषय एवढ्यात आटोपलेला आहे. त्यापुढं कुणी काही शिकवायला लागला, तर तो पोटापाण्याचा धंदा समजावा!"

हा सिद्धान्त पिंपळवंडीच्या रामनाथनानांनी दोन हजार तीन सालच्या भाद्रपदात, भोसरीला मुलाच्या घरी, दिवाणावर मांडी ठोकून जगापुढं मांडला. जग म्हणजे त्यांची तिसरीतली नात आरोही. नानांची उभी हयात एसटीत गेली होती, स्टँडवर कर्ण्यातून गाड्या पुकारण्यात. निवृत्त झाल्यावर कर्णा तिथंच राहिला, आवाज मात्र बरोबर आला. घरात साधा चहा मागितला तरी दोन-चार माणसांनी पिशव्या उचलून उभं राहावं, असा तो आवाज. आरोहीच्या इंग्रजी शाळेतल्या बाईंनी घरी करायला एक कागद दिला होता. त्यावर गाय, मांजर, कोंबडी, बदक अशी चित्रं, आणि प्रत्येकाखाली त्याच्या पायाला इंग्रजीत काय म्हणतात ते लिहायचं. नानांनी ओळीनं 'लेग' सांगितलं, तिनं ओळीनं 'लेग' लिहिलं. शेवटी मासा होता. नाना क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "नो लेग."

बुधवारी सिद्धान्ताला शून्य मिळालं.

तोवर नाना पिंपळवंडीला परतले होते. संध्याकाळी फोन वाजला.

"आजोबा, गाईला हूफ असतो. मांजराला पॉ. कोंबडीला क्लॉ. बदकाला वेब्ड फूट. तुमचं सगळं चुकलं. मासासुद्धा चुकला."

"मासासुद्धा?" नानांना खरं दुःख माशाचं झालं. तिथं त्यांनी डोकं चालवलं होतं.

"मंचरच्या आजोबांना सगळं येतं. मी दिवाळीची सुट्टी या वेळी मंचरला काढणार."

मंचरचे आजोबा म्हणजे सुनेचे वडील, व्याही भगवंतराव. बँकेतून निवृत्त झालेले. वाक्याची सुरुवात 'ॲक्च्युअली'नं करायचे आणि शेवटही जमला तर त्यानंच. बुटाला पॉलिश असं, की त्यात बघून भांग पाडावा. भोसरीहून येताना मंचर आधी लागतं आणि पिंपळवंडी नंतर. हा भूगोलाचा अन्याय नानांनी आजवर सोसला होता, कारण दिवाळीला आरोही मंचरात न उतरता थेट पिंपळवंडीला येई. घरात वर्षभर दोनच माणसं, नाना आणि साधनाबाई. दिवाळीचे ते दिवस सोडले तर नानांचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. आता तेही दिवस मंचरच्या आंबेगाव तालुक्यात चालले होते.

रात्रीचं जेवण नाना जेवले नाहीत, म्हणजे फक्त दोनच भाकरी जेवले. सकाळी त्यांनी जाहीर केलं, "लक्ष द्या! दिवाळीच्या आत आपल्या अंगणात कोबा होणार, आणि त्या कोब्यात प्रत्येक जनावराचा खराखुरा पाय उमटणार, शेजारी इंग्रजी नावासहित. मंचरवाल्यांना पुस्तकात पाय आहेत. आपल्याकडे जमिनीवर असतील!"

साधनाबाईंनी यातला पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला. अंगणात कोबा व्हावा, गहू-बाजरी वाळवायला सपाट जागा मिळावी, म्हणून त्या लग्न झाल्यापासून मागं लागल्या होत्या. त्या आनंदानं म्हणाल्या, "बोलवा मग कुशाबाला."

कुशाबा हा गावातला गवंडी. त्यानं सगळी योजना ऐकली, थापी काखेत मारली आणि एवढंच विचारलं, "नाना, लोकं कोब्यात पाय उमटू नये म्हणून काठी घिऊन बसत्यात. तुमी उमटावा म्हणून बसणार?"

"बरोबर."

"मग काम सोपं हाय," कुशाबा म्हणाला. हे त्याचं या प्रकरणातलं शेवटचं चुकीचं वाक्य.

पहिली अडचण साधनाबाईंनी आणली. "पहिला पाय गाईचाच पडला पाहिजे. वास्तुशांतीला आपण काय म्हैस फिरवली होती घरातून?" नानांना हे पटलं, कारण कागदावरही गाय पहिलीच होती. शेजारच्या गेणभाऊंची तांबडी गाय ठरली. गाय म्हटल्यावर पंचांग आलं, पंचांग म्हटल्यावर मुहूर्त आला. कुशाबानं सकाळी सिमेंटचा माल टाकून, रंधा फिरवून कोबा गुळगुळीत केला आणि हाक दिली, "आणा गाय!" पण मुहूर्ताला अवकाश होता. मग गाईची शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूची माळ आली, औक्षण झालं, पुरणपोळीचा घास झाला. चिमाबाई ओवाळायला आल्या, त्यांच्यामागं आळीतल्या बाकीच्या. चिमाबाई पलीकडच्या मळ्यात राहायच्या. माणसं मूळची जुन्नरच्या वरच्या डोंगरपट्ट्यातली. त्यांचा सल्ला असा, की गाईला घाई करू नये.

कुशाबा हातावर हात चोळत उभा. "आवो, सिमिट काय नवरदेव हाय का, मुहूर्ताला थांबायला?"

सिमेंट थांबलं नाही. मुहूर्तावर तांबडी राणीसारखी डुलत कोब्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि डांबरी रस्त्यावरून गेल्यासारखा एकही ठसा न ठेवता गेली. फक्त शेवटी, जाता जाता, तिनं आपली एक खूण ठेवली. चिमाबाई म्हणाल्या, "शुभ हाय." कुशाबानं खोरं मागितलं.

दुसऱ्या दिवशी माल पातळ केला. तांबडीचे पाय घोट्यापर्यंत रुतले. तिला तो थंडावा इतका आवडला की ती हळूच खाली बसली आणि रवंथ करू लागली. उठवली तेव्हा कोब्यात गाईची सबंध डावी कूस, शेपटीसकट, उमटलेली.

"नाना," कुशाबानं गंभीरपणे विचारलं, "ह्याला विंग्रजीत काय म्हणत्यात?"

तिसऱ्या खेपेला मात्र पाय उमटला. एकच, पण काय पाय! दोन पाकळ्यांसारखा, रेखीव, जणू रांगोळीतलं गोपद्म. नानांनी स्वतः वाकून शेजारी खडूनं इंग्रजीत 'हूफ' लिहिलं आणि सरळ होताना त्यांना वाटलं, मंचर आता लांब राहिलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नाना एक विसरले. पिंपळवंडीत कुठलीही गोष्ट पहिली झाली, की ती मानाची होते.

भाद्रपदी पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा न्यायचा, यावरून गेणभाऊ आणि धर्माजी या दोन घरांत दोन पिढ्यांचा अबोला. तो फक्त पोळ्याच्या दिवशी भांडायला मोडायचा. गेणभाऊंच्या गाईचा पाय नानांच्या अंगणात कायमचा उमटला, ही बातमी धर्माजींपर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ धर्माजी यायला लागला. बरोबर म्हैस होती.

"नाना, आमच्या म्हशीचा पाय घ्या."

"धर्माजी, म्हशीलाही इंग्रजीत हूफच म्हणतात. एक हूफ झालेला आहे."

"म्हंजी गेणभाऊच्या गाईचा तेवढा पाय, आन आमच्या म्हशीचा काय लाकडाचा?"

"तसं नव्हे. शब्द एकच आहे."

"शब्दाचं तुमी बघा. मानाचं आमी बघतो. मागं वेशीतबी 'एकच बैल पुढं' म्हणून गेणभाऊचाच पुढं काढला व्हता!"

गेणभाऊ कुंपणापलीकडून ओरडले, "पुढं व्हता म्हणून काढला! तुझा बैल तवा बसला व्हता!"

नानांनी कर्ण्यातल्या आवाजात शांततेचं आवाहन केलं. त्यानं एवढंच झालं, की वारूळवाडीच्या बाजूनं रस्त्यानं चाललेली माणसंसुद्धा आत आली. मग अंगणाच्या कडेला बैठक बसली. नानांनी हूफ या शब्दाची व्याप्ती समजावून सांगितली, गाय, म्हैस, शेळी, घोडा, सगळ्यांना तोच. बैठकीनं ते लक्षपूर्वक ऐकलं आणि त्यातून निष्कर्ष काढला, की एवढ्या जनावरांना सरकारनं एकाच शब्दात बसवलं असेल तर प्रत्येकाचा पाय वेगळा दाखवल्याशिवाय ओळख पटणार कशी? ठराव झाला. प्रत्येक भावकीचा एक पाय.

पुढचे दिवस कुशाबा रोज थोडा थोडा माल टाकायचा आणि रांगेनं जनावरं यायची. म्हैस आली, दुसऱ्या घरची गाय आली, वासरू आलं. एका भावकीकडे जनावर उरलं नव्हतं, सगळे नोकरीला. त्यांनी वरातीचा घोडा भाड्यानं आणला. नानांच्या अंगणात हूफ, हूफ, हूफ असा पंगतीसारखा थाट झाला. इंग्रजीचा एकच शब्द एवढ्या जणांनी मिळून पाठ केल्याचं उदाहरण दुसरं नसेल. आळीतल्या म्हाताऱ्या बायासुद्धा गोठ्यात जाताना "हूफ धुतला का?" असं विचारू लागल्या.

"मला गहू वाळवायला एक तरी सपाट तुकडा ठेवा," साधनाबाई म्हणाल्या.

"शिक्षण चाललंय," नाना म्हणाले.

"कोणाचं?"

नाना कोंबडीकडे वळले. क्लॉसाठी चिमाबाईंची कोंबडी आली. तिनं फक्त एकदा चालायचं होतं. ती मागं कोंबडा लागल्यासारखी अंगणभर धावली आणि जिथं म्हणून सपाट तुकडा होता तिथं तिथं क्लॉ ठेवून गेली. बदक गावात नव्हतं. ते निमगाव सावाहून एका ओळखीच्यांनी टोपलीतून एसटीनं पाठवलं, या अटीवर की शेजारी त्यांच्या गावाचं नाव लिहावं. बदकानं सिमेंट चोचीनं चाखून बघितलं, मान फिरवली आणि उडून गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन बसलं. गेणभाऊ आणि धर्माजी शिडी धरून एकत्र उभे राहिले, ते गावानं डोळे भरून पाहिलं. दोन पिढ्यांत प्रथमच त्यांचे हात एका लाकडाला लागले होते. बदक खाली उतरवलं आणि एकदाचा त्याचाही पाय उमटला.

राहता राहिला पॉ. आणि खरी गाडी इथं अडली.

पॉ म्हणजे कुत्रा किंवा मांजर. गेणभाऊंचा कुत्रा शेपटी हलवत उभाच होता. पण साधनाबाई आडव्या आल्या. "गाईच्या पायाशेजारी कुत्र्याचा पाय? दत्ताच्या तसबिरीत चालतं. माझ्या अंगणात न्हाई!" गावही त्यांच्याच बाजूचं. ज्या अंगणात आपल्या म्हशीला मान मिळाला तिथं कुत्रं नको, यावर गेणभाऊ आणि धर्माजी दुसऱ्यांदा एक झाले. मग मांजर आणलं. चार पुरुषांनी धरलं. मांजरानं पाय सिमेंटला सोडून चौघांनाही लावले. त्या रीतीनं पॉ उमटले, पण ते अंगणात ठेवण्यासारखे नव्हते.

दिवाळी तोंडावर आली. साधनाबाईंची चकली तळून झाली तरी पॉसाठी राखलेली मधली जागा रिकामीच. कुशाबानं वसुबारसेच्या चार-सहा दिवस आधी संध्याकाळी तिथं ताजा माल टाकला, कडेनं ओलं गोणपाट ठेवलं आणि म्हणाला, "सकाळी बघू. न्हाईतर नाना, तुमचाच हात उमटवू मूठ करून. पोरीला काय कळतंय!"

सकाळी दात घासत नाना अंगणात आले आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

मधल्या जागी पाय उमटलेला होता. वाटोळी गादी, पुढं चार बोटं. चहाच्या बशीएवढा. इतका देखणा, की गाईनंसुद्धा लाजावं. पुढचा पाय कुंपणाबाहेरच्या मातीत होता आणि त्याच्या पुढचा उसाकडे गेला होता.

"पॉ!" नाना अत्यानंदानं ओरडले. मग हा कुणाचा पॉ हे ध्यानात येऊन त्यांनी पुढची घोषणा घरात जाऊन, कडी लावून, खिडकीतून केली.

"वाघ!"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. निम्मं भय त्यात असतं आणि निम्मा अभिमान. तोवर ऊस वाढला होता आणि उसाबरोबर वाघही. त्यामुळं लोक आले ते काठ्या, डबे, थाळ्या घेऊन. बघतात तो कुणाची शेळी गेली नव्हती, कोंबडीसुद्धा जागेवर होती. गेणभाऊंच्या कुत्र्यानं फक्त भुंकणं सोडून दिलं होतं आणि तो शेळ्यांमध्ये शेळीसारखा उभा होता.

"एवढ्या लांबून आला, पाय दिला आन गेला," धर्माजी म्हणाले. "मान कळतो बघा जनावराला."

वनरक्षक सावळेराम मोटारसायकलवर आला. त्यानं पायाभोवती चुन्याची रेघ मारली आणि पंचनाम्याला बसला.

"पाय कुणाच्या हद्दीत हाये?"

"माझ्या," नाना म्हणाले.

"जनावर कशासाठी आलं व्हतं?"

"इंग्रजी शिकवायला," कुशाबा मागून म्हणाला.

"मजा न्हाई, भाऊ. साहेब येऊन ठसा घेत न्हाईत तोवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई." असं म्हणून सावळेरामनं ठशावर साधनाबाईंची लोखंडी पाटी पालथी घातली आणि वर पाट्याचा वरवंटा ठेवला. साहेब तिकडं दुसऱ्याच उसात दुसऱ्याच वाघामागं होते. ते दिवस घरची माणसं मागल्या दारानं ये-जा करत होती, आणि वरवंटा सरकारी कामावर असल्यानं चटणी शेजारून येत होती. पण पाटी पालथी घातली म्हणजे आत काय आहे ते बघायला लोक येतात. वारूळवाडीहून आले, पार नारायणगावहून आले. नाना ओसरीवर बसून प्रत्येक टोळीला ऐकवत, "लक्ष द्या. डावीकडून हूफ, मध्ये पॉ, उजवीकडे क्लॉ. पत्र्याकडे बघू नका, बदक गेलं."

साहेब शेवटी वसुबारसेच्या सकाळी आले. प्लास्टरचा ठसा घेतला, नानांशी हात मिळवला, "फारच सुरेख पाय आहे," असं म्हणाले आणि गेले. नानांना हे प्रमाणपत्र एसटीतल्या सगळ्या नोकरीत मिळालं नव्हतं. घाईनं त्यांनी कुशाबाला कडेचा शेवटचा तुकडा भरायला बसवला.

त्याच दिवशी, नानांनी गळ घातल्यावर कबूल केल्याप्रमाणं, अंगण दाखवायला भगवंतराव आरोहीला घेऊन मंचरहून येणार होते. "जस्ट दाखवतो आणि लगेच परत," असं ते फोनवर म्हणाले होते. नानांची सगळी दिवाळी त्या 'परत'मध्ये अडकलेली.

मारुती गाडी दारात थांबली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कडेला बाया तांबडीची आणि वासराची पूजा करत होत्या, वसुबारस म्हणून. मध्ये चिमाबाई त्या पॉपुढं नारळ, शेंदूर आणि दुधाची वाटी घेऊन बसल्या होत्या.

"चिमाबाई, हे काय?" नाना कळवळले. "अहो, ते अभ्यासाचं आहे!"

"तुमची वसुबारस, आमच्या वरल्या अंगाला आज वाघबारस. वाघोबानं दारात पाय दिला आन तसाच ठिवायचा? पोरगी सुखरूप ऱ्हाईल." त्यांनी नारळ फोडला. पॉच्या ठशावर पाणी सांडलं, गादीत शेंदूर आला.

भगवंतराव गाडीतून उतरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पॉलिशचे बूट. आरोही त्यांचं बोट धरून. आरोही हळूहळू एकेका पायाजवळून चालली. "हूफ. हूफ. हूफ. क्लॉ. वेब्ड फूट." पॉपाशी आली, उकिडवी बसली. "हा खरा आहे?"

"खरा," नाना म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज कुजबुजीएवढा निघाला.

"ॲक्च्युअली," भगवंतराव म्हणाले, "नेल्स दिसत नाहीत. खऱ्या बिबट्याच्या..." आणि नीट बघायला म्हणून ते दोन पावलं मागं सरकले. मागं कुशाबानं नुकताच भरलेला तुकडा होता. एक बूट त्यात रुतला. ते ओढू लागले. पाय आला, बूट राहिला.

व्याह्यांचा अपमान म्हणजे काय थट्टा आहे? कुशाबा थापी घेऊन पुढं आला, रुतलेल्या बुटाकडे अदबीनं बघितलं आणि विचारलं, "पावणं, तुमच्या पायाचं विंग्रजी काय लिहू?"

आधी आरोही हसली. मग स्वतः भगवंतराव, एका पायावर उभे राहून, इतके हसले की त्यांना धरायला नाना धावले आणि दोघे व्याही एकमेकांच्या गळ्यात पडून हसत राहिले. साधनाबाईंनी पाय धुवायला पाणी आणलं. भगवंतराव जेवायला थांबले. जेवण झाल्यावर बूट निघाला, पण तोवर त्यांना झोप लागली होती.

दुपारी आरोही अंगणातून आत आली. हातापायाला सिमेंटची धूळ, गालाला शेंदूर. ओसरीवर नाना होते, गेणभाऊ, धर्माजी, कुशाबा होते.

"आजोबा, मी सगळी सुट्टी इथंच राहणार."

नाना उठून उभे राहिले. छातीत हवा भरली. गाव ऐकेल अशी घोषणा करायची वेळ आली होती, आणि करायची होती ती मंचरच्या दिशेनं तोंड करून. "लक्ष द्या! मुलीला पायांचं इंग्रजी—"

"ते शाळेत होऊन गेलं," आरोही म्हणाली. "आता आम्हाला प्राण्यांची घरं आहेत. गुहा, बीळ, घरटं, असं."

साधनाबाईंनी कुशाबाच्या हातातली थापी काढून घेतली आणि त्याला घरी जायला सांगितलं.

"मग राहणार कशासाठी?" नानांनी विचारलं.

"चिमाआजींच्या पोरींनी बाहेर ठिकरीचा पट आखलाय ना, तुमच्या कोब्यावर. त्या मला रोज खेळायला घेणार आहेत." मग ती जवळ आली, त्यांच्या कानाला लागली आणि लाडानं म्हणाली, "पण आजोबा, तो मधला वाघाचा पाय बुजवून द्याल? ठिकरी सारखी त्यातच जाऊन पडते."